भरीत आमचं, भरती समुद्राची!

जळगावात समुद्र कुठे भेटतो, माहीत आहे का?

रेल्वे स्टेशनवर! प्लॅटफॉर्मच्या टोकाला जी पिवळी पाटी असते, तिच्यावर गावाच्या नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आमची दोनशे मीटरच्या घरात. बस्स! आम्हा जळगावजवळच्या पिंप्राळेकरांची समुद्राशी ओळख एवढीच. लहानपणी पिंप्राळ्याचं रेल्वे गेट पडलं की गाड्या बघत उभं राहायचं आणि मुंबईकडची गाडी दिसली की ओरडायचं, "ही चालली भो समुद्रावर!"

गेल्या हिवाळ्यात आम्हीही गेलो. माणसं सात, तंबू तीन, वांगी पाच किलो. आणि गाडीच्या कॅरिअरवर पऱ्हाट्यांची मोळी, कारण आमच्या नानांच्या मते पऱ्हाट्यांवर न भाजलेलं भरीत म्हणजे नुसती वांग्याची भाजी. मुक्कामाच्या जागेसाठी अट एकच: तंबूचं दार उघडलं की समुद्र दिसला पाहिजे.

समुद्र दिसला. जरा जास्तच जवळून दिसला! तो किस्सा पुढे येईलच. आधी थोडा मसाला.

नदी पुढे, आपण मागे

तापी किती लांब आहे, माहीत आहे का? मध्य प्रदेशातल्या मुलताईपासून सुरतेजवळच्या समुद्रापर्यंत ७२४ किलोमीटर. आणि शाळेच्या पुस्तकातला महाराष्ट्राचा समुद्रकिनारा? ७२० किलोमीटर!

म्हणजे आपली तापी उचलून कोकणावर आडवी ठेवली, तर सगळा किनारा झाकून वर चार किलोमीटर उरेल. खान्देशी माप आहे, कमी कसं पडेल?

थांबा, एवढ्यात कॉलर ताठ करू नका. नव्या सरकारी मोजणीत महाराष्ट्राचा किनारा सुमारे ८७८ किलोमीटर भरला. भारताचा तर ७,५१६ वरून थेट ११,०९८ वर गेला! समुद्र वाढला नाही, फूटपट्टी बारीक झाली. खाचाखोचा, खाड्या, कपारी जितक्या बारकाईने मोजाल तितका किनारा लांबतो. सरळसोट पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, ही जादू जमत नाही, दातेरी किनाऱ्याला जमते. आणि जितके दात, तितके व्ह्यू!

दगड सख्खा, फक्त पत्ता वेगळा

अजिंठ्याची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली आहेत, तोच दगड हरिहरेश्वरच्या समुद्रात पाय सोडून बसलाय, माहीत आहे का?

बेसॉल्ट! सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले, तेव्हा जळगाव-कोकण असा भेद नव्हता. अजिंठ्यात माणसाने छिन्नी चालवली, हरिहरेश्वरला लाटांनी. माणसाने काही शतकांत काम आटोपलं. लाटांचा ठेका अजून चालू आहे आणि बिल कोणीच मागत नाही.

रत्नागिरीकडे निघालात की दगड रंग बदलतो. काळ्याचा तांबडा, गुळगुळीतचा खडबडीत. हा जांभा. बेसॉल्टच ऊन-पावसात मुरत मुरत जांभा होतो. त्याचं इंग्रजी नाव लॅटराइट, आणि ते ठेवलं फ्रान्सिस बुकानन या साहेबाने १८०७ मध्ये, केरळातल्या दगडाला. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. कोकणातल्या घराच्या भिंती बघा, साहेबाने नाव चुकवलं नाही!

तंबूमागचा टेलर

आजच्या हौशी कॅम्पिंगचा बाप कोण? शिकारी? सैनिक? गिर्यारोहक?

शिंपी! थॉमस हायरम होल्डिंग हा लंडनचा टेलर. सायकलवर लादता येतील असे हलके तंबू त्याने शिवले, १९०१ मध्ये सायकलवाल्या कॅम्पर्सची संघटना उभी केली आणि १९०८ मध्ये 'द कॅम्पर्स हँडबुक' लिहून मोकळा झाला. कपडे शिवता शिवता गड्याने घरच शिवलं.

स्काउटचा पहिला कॅम्पही समुद्रातच, माहीत आहे का? १९०७ मध्ये बेडन-पॉवेल मुलांना घेऊन गेला तो ब्राउनसी नावाच्या बेटावर. पोरं पळून जातील कुठे?

आणि पुण्याचा फरासखाना! आज नाव काढलं की पोलीस चौकी आठवते. पण फरासखाना म्हणजे मुळात तंबू, राहुट्या, कनाती, जाजमं सांभाळणारं सरकारी खातं. पेशवाईत मुक्कामाची सोय हे खातं बघायचं. म्हणजे आजच्या भाषेत कॅम्पिंग गिअरचं गोडाऊन, तेही भर शहरात!

समुद्र किती हवा? साडेतीन की पस्तीस?

पुळणीवर उभं राहून आपण म्हणतो, "अहाहा, अथांग सागर!" प्रत्यक्षात किती दिसतो, माहीत आहे का?

जेमतेम पावणेपाच किलोमीटर. पिंप्राळ्याहून जळगाव शहरात जाऊन यायचं, तेवढ्यात अथांगपणा संपला! पृथ्वी गोल असल्याने पुढचं पाणी क्षितिजाखाली लपतं.

हिशेब सोपा आहे. डोळ्यांची समुद्रापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ३.५७ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये.

तंबूत मांडी घालून बसलात, डोळे एक मीटरवर: साडेतीन किलोमीटर.

२५ मीटर उंच टेकाडावर: सुमारे १८ किलोमीटर.

१०० मीटरच्या कड्यावर: पस्तीसच्या वर!

आणि आपल्या जळगाव स्टेशनच्या पाटीवरच्या उंचीएवढा कडा मिळाला तर? तब्बल ५० किलोमीटर समुद्र. उंची आहे, समुद्र तेवढा कमी पडलाय.

आणखी एक फुकटची गंमत. पुळणीवर आडवं पडून सूर्य बुडताना बघा. शेवटची किनार गेली की टुणकन उभे राहा. सूर्य पुन्हा थोडासा वर! पाच-सहा सेकंदांचा बोनस. ५० मीटरच्या कड्यावर बसलेल्याला तर पुळणीवरच्या माणसापेक्षा सुमारे पाऊण मिनिट जास्त सूर्य मिळतो. जादा तिकीट नाही.

धडा काय? व्ह्यू हवा असेल तर समुद्राच्या जवळ नको, समुद्राच्या वर जा. हा धडा नानांना आधी कळला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

चप्पल पोहायला शिकली

खान्देशात 'भरती' म्हटलं की पोरं पहाटे पाचला मैदानावर पळायला लागतात. पोलीस भरती, आर्मी भरती! कोकणातली भरती उलटी: ती आली की सगळ्यांनी मागे पळायचं.

तर पौष पौर्णिमा. गुहागर तालुक्यातली एक पुळण. आम्ही पोहोचलो संध्याकाळी साडेपाचला. समोर वाळू इतकी रुंद की चार क्रिकेटच्या मॅचेस एकदम लागाव्यात. कॅम्पवाल्या काकांनी सुरूच्या झाडांपलीकडची उंच जागा दाखवली.

"इकडे लावा तंबू. तिकडे रात्री पाणी येतं."

"अहो, पाणी शंभर पावलं लांब आहे!" नाना म्हणाले.

"आत्ता आहे," काका म्हणाले आणि शांतपणे चहा ठेवायला गेले.

नानांनी आपला तंबू नेला थेट पुढे. फ्रंट रो सीट! पश्चिमेला सूर्य समुद्रात उतरत होता, पूर्वेला डोंगरामागून चंद्र वर येत होता. पौर्णिमेला हा डबल शो असतोच: इकडे पडदा पडतो, तिकडे उघडतो. आमच्यातल्या काकूंनी फोटो काढले. नानांनी ते गावच्या ग्रुपवर टाकले. गाव जळलं.

रात्री अकराच्या सुमारास आरोळी. "उठा रे! तंबूत कोणीतरी शिरलंय!"

समुद्र शिरला होता. टॉर्चच्या उजेडात दिसलं ते असं: घोट्याइतकं पाणी, त्यात तरंगणारी स्लीपिंग बॅग, आणि नानांची डाव्या पायाची चप्पल लाटेवर बसून रुबाबात अरबस्तानाकडे निघालेली. उजवी आमच्याकडे अजून आहे. कोणाला डावी सापडली तर कळवा.

कॅम्पवाले काका दोर घेऊन आले, आमच्यासोबत तंबू ओढला आणि एवढंच म्हणाले, "पौर्णिमा आहे ना."

तिथीची पाऊणपट

काकांना हे घड्याळ न बघता कसं कळलं, माहीत आहे का?

कोकणातलं जुनं गणित: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे १५. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती! दिवसाही आणि रात्रीही, कारण एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते. अमावास्येलाही १५ च धरायचे. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. अ‍ॅप नाही, नेटवर्क नाही, रिचार्ज नाही.

गणिताचं गुपित? चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो, भरतीही त्याच्या मागे मागे सरकते. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण तंबू वाचवायला पुरतं.

आता पिंप्राळ्याचं उदाहरण. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो. अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे त्या दिवशी कोकणात सव्वाआठच्या सुमारास समुद्राचा रथ किनाऱ्याला टेकतो. तिकडे लाकडी मोगऱ्या लावून चाकं थांबवायची सोय मात्र नाही!

खरा सापळा पुढे आहे. पौर्णिमा-अमावास्येला भरती सर्वात मोठी आणि ओहोटीही सर्वात खोल, त्याला म्हणतात उधाण. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी पुळण सर्वात रुंद, सर्वात मोहक. आणि मध्यरात्रीच्या आधी सर्वात अरुंद! चांदण्यातल्या कॅम्पिंगसाठी लोक नेमकी हीच रात्र निवडतात. समुद्राला विनोदबुद्धी आहे ती अशी.

जगातला चॅम्पियन कॅनडातला फंडीचा उपसागर. तिथे भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो. पाच मजली बिल्डिंग दिवसातून दोनदा बुडते नि निघते म्हणा ना! आमची फक्त चप्पल गेली.

समुद्र सही करून जातो

भरती कुठवर येते हे कोणाला विचारायची गरज नाही, माहीत आहे का? वाळूवर लिहिलेलं असतं.

पुळणीवर काड्या, शिंपल्यांचे तुकडे, सुकलेलं शेवाळ, बाटलीची बुचं यांची एक वेडीवाकडी रेघ दिसते. ती कालच्या भरतीची सही. आणखी वर, सुकलेली, जुनी दुसरी रेघ असेल तर ती मागच्या उधाणाची. तंबू त्या वरच्या रेघेच्याही वर. नानांनी ही रेघ बघितली होती. त्यांना वाटलं, कचरा आहे!

दिवसा खारा, रात्री मतलई

तंबूला एसी असतो, माहीत आहे का? फक्त दिवसातून दोनदा दिशा बदलतो.

दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो: खारे वारे. रात्री जमीन लवकर गार होते, म्हणून वारा जमिनीकडून समुद्राकडे निघतो: मतलई वारे. शिडाच्या होड्यांचं टाइमटेबल यावरच चालायचं. पहाटे मतलईवर बसून जायचं, दुपारी खाऱ्यावर बसून यायचं. डिझेलचा खर्च शून्य!

कॅम्पर्ससाठी टीप: दाराबरोबर मागची खिडकीही उघडी ठेवा. समुद्राकडचं दार व्ह्यूसाठी, डोंगराकडची खिडकी झोपेसाठी.

खुंटी वाकडी, सुरू वेडा

जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या सपाट कातळावर, तंबूची खुंटी ठोकली तर काय होतं? खुंटी वाकते. दगडाला पत्ता लागत नाही. तिथे घुमटासारखा, स्वतःच्या काड्यांवर उभा राहणारा तंबू न्यायचा आणि दोर मोठ्या दगडांना बांधायचे.

वाळूत उलटी तऱ्हा. खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि तशीच निघूनही येते. उपाय? पिशवीत वाळू भरा, तोंड दोराने आवळा, पिशवी हातभर खोल पुरा. वाळूला वाळूनेच बांधायचं!

सुरूचं बन म्हणजे कॅम्पची लाडकी जागा. पण हे झाड कोकणातलं नाहीच, माहीत आहे का? ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातून आलेला पाहुणा. त्याची 'सुईसारखी पानं' ही पानंही नाहीत, त्या बारीक डहाळ्या. खरी पानं त्यांच्या सांध्यांवर, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढी खवल्यांसारखी. खाली साचलेल्या सुक्या डहाळ्यांची गादी मस्त, पण ठिणगी पडली की भडका! शेकोटी सुरूखाली नको.

आणि नारळाखाली? वीस मीटरवरून दीड किलोचा नारळ. न्यूटनला सफरचंद मिळालं, तो नशीबवान होता.

दातेरी किनाऱ्याची झटपट परेड

आता जागा! उजळणी सोपी: एक जागा, एक अजब गोष्ट, एक सल्ला.

हरिहरेश्वर: इथली प्रदक्षिणेची वाट थेट समुद्राच्या कडेने, लाटांनी कोरलेल्या कातळावरून जाते. भरतीला ती वाट बंद! देवदर्शनाला पंचांग लागतंच, इथे प्रदक्षिणेलाही लागतं. मुक्काम गावाच्या बाजूला, कातळावर नाही.

वेळास: नाना फडणवीसांचं गाव आणि कासवांचं माहेर. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव भरतो. सल्ला: तंबू सोडा, गावातल्या घरात राहा. पिल्लं उजेडाकडे धावतात, तुमचा टॉर्च म्हणजे त्यांना चुकीचा चंद्र.

वेळणेश्वर: इथल्या टेकडीवरून खालची पुळण आणि पुढचा समुद्र एका नजरेत मावतात. वर्गमूळवाला हिशेब ज्यांना पटला, त्यांनी इथे यावं.

हेदवी: दशभुजा गणपती सगळ्यांना ठाऊक. पण बामणघळ? कातळातली एक अरुंद फट. भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की बाहेर पडायला वाटच नसते, म्हणून उसळून वर फवारा! प्रेशर कुकरची शिट्टी समजा, पण निसर्गाची. लांबूनच ऐका.

गणपतीपुळे: 'पुळे' कुठून आलं? पुळणीवरून! इथे डोंगरच गणपती मानतात, म्हणून प्रदक्षिणाही अख्ख्या डोंगराला. इथून रत्नागिरीकडे निघालात की आरे-वारेचं वळण येतं आणि एका बाजूला समुद्र असा काही उघडतो की ड्रायव्हरला ओरडावं लागतं, "रस्त्याकडे बघ भो!"

कशेळी: सड्यावर जमिनीत कोरलेला हत्ती, सुमारे १८ मीटर लांब! त्याच्या अंगात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर तंबू लावण्याआधी खाली बघा. आपण कोणाच्या पाठीवर तर बसत नाही ना?

विजयदुर्ग: १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण आणि हेलियम ही जोडी इथे फेमस. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात, दर १८ ऑगस्टला हेलियम दिवस साजरा होतो. पण हेलियमच्या शोधासाठी ज्या लॉकियर साहेबाचं नाव घेतात, तो त्या दिवशी इथे नव्हताच, माहीत आहे का? तो होता इंग्लंडात! त्याने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेघ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिकडूनच पाहिली. साहेब गैरहजर, हजेरी मात्र आपण लावली.

मालवण: सिंधुदुर्गाची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची. चहूबाजूंनी खारं पाणी, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव नावाच्या गोड्या विहिरी. नावं ऐकूनच श्रीखंडाची भूक लागते! शेजारच्या तारकर्लीत पुळण ऐसपैस, पण चपटी. म्हणजे पुन्हा तिथीची पाऊणपट काढा.

किल्ल्यातच तंबू ठोकू असा विचार मनात आला? पुसून टाका. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग ही संरक्षित स्मारकं, रात्रीचा मुक्काम बंद. सुवर्णदुर्ग आणि खांदेरीसह हे जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. वारशात खुंट्या ठोकत नाहीत!

बारा म्हणे, पण बारा नाहीतच

समुद्र दिसणाऱ्या कड्यांचा जगातला सुपरस्टार म्हणजे ऑस्ट्रेलियाचे 'ट्वेल्व्ह अपॉसल्स', समुद्रात उभे असलेले चुनखडीचे खांब. नाव बारांचं, पण बारा खांब कधीच नव्हते! त्यातला एक २००५ मध्ये धाडकन कोसळला, त्यामुळे हिशेब आणखी बिघडला. आधी या खडकांना 'डुकरीण आणि पिल्लं' म्हणायचे. नाव बदललं आणि टूरिस्ट धावले. पीआर म्हणतात तो हाच!

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या माणसाला मोकळ्या रानात छोटा तंबू ठोकायचा हक्कच दिलाय. आपल्याकडे असा 'आला मनात, ठोकला तंबू' हक्क नाही. किनारा नियमन क्षेत्राचे नियम १९९१ मध्ये आले, २०१९ मध्ये नव्याने आले, आणि समुद्रकिनारी भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंत त्यांची नजर असते. म्हणून नोंदणीवाली कॅम्पसाइट घ्या, नाहीतर गावात विचारा. विचारलं की कोकणी माणूस जागा दाखवतो, वर चहा देतो.

रात्रीचा शो

समुद्र पिऊन टाकणारे ऋषी आठवतात? अगस्ती! त्यांच्या नावाचा तारा हिवाळ्यात रात्री दक्षिणेला, क्षितिजाच्या थोडा वर चमकतो. रात्रीच्या आकाशातला व्याधानंतरचा सर्वात तेजस्वी तारा. समुद्रकाठी बसून समुद्र पिणाऱ्याला बघायचं, यापेक्षा भारी मॅचिंग कुठलं?

नशीब जोरावर असेल तर हिवाळ्यात कधीमधी लाटाच निळ्या पेटतात. हे काम नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जिवांचं. पाण्यात हात फिरवला की ते चमकतात. समुद्राने लावलेले एलईडी, पण स्विच आपल्या हातात!

कासवीण मुलगा-मुलगी ठरवत नाही, वाळू ठरवते, माहीत आहे का? घरटं गार राहिलं तर नर जास्त, तापलं तर माद्या जास्त. आणि प्रवासाचा रेकॉर्ड? २०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक ऑलिव्ह रिडले कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला हजर! अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. आम्ही जळगावाहून सहाशेच्या वर किलोमीटर गाडी चालवली तर गावभर सांगत सुटलो.

सगळ्यात जुना कॅम्पर मात्र संन्यासी खेकडा. रिकाम्या शंखात राहतो, तंबू पाठीवर घेऊन फिरतो, अंग वाढलं की मोठ्या शंखात शिफ्ट होतो. म्हणून सुंदर शंख उचलताना विचार करा: हे शोपीस आहे की कोणाचा फ्लॅट?

भरीत विरुद्ध सोलकढी

दुसऱ्या रात्री तंबू तीनही सुरूपलीकडे, उंचावर. नानांनी स्वतःच्या हाताने पिशव्या पुरल्या. काकांनी आखून दिलेल्या मोकळ्या जागेत पऱ्हाट्या पेटल्या, वांगी फुटली, मिरची-लसूण ठेचला गेला.

जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि जळगावच्या केळीला, दोघांनाही जीआय मानांकन आहे, माहीत आहे का? दोघंही २०१६ चे मानकरी. काकांना माहीत नव्हतं. पण कळण्याची भाकरी नि भरिताचा पहिला घास घेतल्यावर ते दोन मिनिटं बोलले नाहीत. मग आत जाऊन गुलाबी सोलकढीचा जग घेऊन आले. "तिखटावर हीच हवी."

समुद्र उंचावरून दिसत होता. काल पायाशी होता, तेव्हा नुसतं काळं पाणी दिसलं होतं. आज चांदण्याचा पट्टा थेट क्षितिजापर्यंत जाताना दिसला. कृष्ण प्रतिपदेची भरती आली, रेघेपर्यंत पोहोचली, सही करून परत गेली. नानांनी बोटं मोजली. "एकाची पाऊणपट पाऊण. पाऊण वाजता यायला हवी होती." घड्याळात बारा पंचवीस. "लवकर आली भो!"

परत आल्यावर आठवड्याने नानांना गाडीवर बसवायला स्टेशनला गेलो. गाडी लेट. नाना प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालत गेले, पिवळ्या पाटीसमोर उभे राहिले आणि बारीक अक्षरांतला आकडा चष्मा वर करून वाचला. मग माझ्याकडे वळून, अगदी जाणकाराच्या थाटात म्हणाले,

"जागा एक नंबर आहे. भरतीचं टेन्शन नाही. व्ह्यू तेवढा नाही."